मुळं पांढरी होती

गेल्या महिन्यात एका सकाळी कचरा द्यायला खाली गेले, तर ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात सगळ्यात वर लेट्यूसची रोपं पडलेली दिसली. जाळीच्या कपांसकट, कपांतल्या भाजक्या मातीच्या गोळ्यांसकट. पानं फिकी पडली होती, मधली कोवळी पानं तर पार पिवळी, त्यांच्यावर शिरांची हिरवी जाळी तेवढी उरलेली. पण कपांखाली लोंबणारी मुळं पांढरीशुभ्र होती. ओली, भरघोस, बारीक फुटव्यांनी भरलेली. कचरा वेगळा करणाऱ्या मावशींनी एक रोप उचलून माझ्यापुढं धरलं. "पाचव्या मजल्यावरच्या काकांनी टाकलीत. रोग पडला म्हणे. ताई, तुमच्याकडं पण असलीच झाडं आहेत ना? ही खरंच मेली होती का?" मी "नाही" म्हणेपर्यंत मागून आलेल्या कुणीतरी रात्रीचं आंबलेलं वरण त्याच डब्यात ओतलं आणि विषय तिथंच संपला.

माझ्या डोक्यातून मात्र ती मुळं काही जाईनात.

मातीतल्या झाडाचं मूळ बघायचं तर झाड उपटावं लागतं. म्हणून शेतकरी पानावरून, खोडावरून, वाढीवरून अंदाज बांधतो. त्याला दुसरा इलाजच नसतो. पण मातीऐवजी खत विरघळवलेल्या पाण्यात, म्हणजे हायड्रोपोनिक्सनं, वाढवलेल्या झाडाच्या टाकीचं झाकण उचललं की सगळं समोर. झाडाचा जो भाग एरवी आपल्याला कधी दिसत नाही, तो इथं हातात घेऊन बघता येतो, हुंगता येतो, आणि जपून परत पाण्यात सोडला तर झाडाचं काही बिघडत नाही. मला या सगळ्या खटाटोपाचं अप्रूप वाटतं ते याचंच. लोक विचारतात, भाजी किती निघते, मंडईपेक्षा स्वस्त पडते का. त्याचा हिशोब मी कधी नीट मांडलेला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर एकेक झाकण उचलून मुळं बघायची, यातच माझं मन भरतं. आणि नेमकं तेवढंच न बघता कुणी रोपं टाकून द्यावीत, याचं वाईट वाटत राहिलं.

आमची मागची खोली डक्टच्या बाजूला आहे. तिला खिडकी आहे, पण ऊन नाही. तिथं भिंतीला लोखंडी मांडणी, मांडणीवर एलईडीच्या पट्ट्या आणि खाली झाकणबंद काळ्या टाक्या. काळ्या अशासाठी, की पाण्यावर उजेड पडला की शेवाळ धरतं. लेट्यूस, पालक, बेझिल, पुदिना, कोपऱ्यात चेरी टोमॅटो. रात्री दार लोटलं तरी एअर पंपाची घरघर ऐकू येते, आणि घरातल्यांना तिची इतकी सवय झाली आहे की ती थांबली की जाग येते. या खोलीत शिरले की मी आधी वास घेते, दिवा नंतर लावते. टाकी निरोगी असली की ओल्या फरशीचा, स्वच्छ, गार वास येतो. बिघडायला लागली की त्यात गटाराची पुसट झाक मिसळते, आणि ती पानांवर काही दिसायच्या बरीच आधी येते.

मग मूळ. खताच्या द्रावणातल्या लोहामुळं मुळांना कधी कधी तांबूस छटा चढते, तिला घाबरायचं कारण नाही. कुजलेल्या मुळाची ओळख रंगापेक्षा बोटांना जास्त पटते. ते बुळबुळीत लागतं, आणि हलकं ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते. मागं उरतो केसाएवढा एक दोरा. पिथियम नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवानं केलेल्या मूळकुजीची ही खूण. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात. एका टाकीत दहा रोपं असतील तर एकापासून बाकीच्यांपर्यंत पोचायला त्यांना वारा लागत नाही की किडा लागत नाही. म्हणून बुंध्यापर्यंत कूज चढलेलं रोप मी ठेवत नाही, लगेच काढून टाकते. जिवावर येतं, पण एका रोपासाठी अख्खी टाकी पणाला लावता येत नाही. काकांच्या रोपांना तसं काही झालं असतं, तर टाका म्हणून मीच सांगितलं असतं.

पुण्यात ही कूज हटकून एप्रिल-मेमध्ये येते, आणि तिचं मूळ कारण बहुतेक वेळा पिथियम नसतंच. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. ३० अंशाला तो साडेसातवर येतो. त्याच वेळी उकाड्यानं मुळांचा श्वास वाढलेला असतो, त्यांना प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे दोन्हीकडून कोंडी. त्यात दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, की मुळं घुसमटतात, आणि घुसमटलेल्या मुळात पिथियमला शिरकाव मिळतो. म्हणून उन्हाळ्यात मी औषधाच्या आधी फ्रीजरकडं वळते: बर्फ धरलेली पाण्याची बाटली टाकीत सोडायची, थर्माकोलचे तुकडे भोवती बांधायचे, पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा एक जादा दगड, म्हणजे एअर स्टोन, टाकायचा. ज्या रोपाची थोडीच मुळं गेली आहेत, त्याची कुजकी मुळं कात्रीनं छाटून उरलेली साध्या पाण्यात धुवायची, आणि नव्या पाण्यात खत निम्मंच ठेवायचं, कारण उरलेल्या मुळांना तेवढंच पेलतं. केमिस्टकडं मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मी रिकामी टाकी घासायला वापरते. झाड बसलेल्या पाण्यात ते ओतायला माझा हात धजत नाही. ते भलं-बुरं बघत नाही, सगळंच जाळतं.

पण काकांच्या रोपांचा आजार मुळात नव्हता. तो पानात होता.

पानांकडं मी सगळ्यात शेवटी येते, आणि आले की एकच बघते: पिवळं पान जुनं आहे की नवं? नत्र कमी पडलं की झाड आपल्या जुन्या, खालच्या पानांतलं नत्र काढून शेंड्याकडं पाठवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त तिथं शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोहाचं आणि कॅल्शियमचं वेगळं. ती एकदा ज्या पानात गेली तिथंच बसतात, झाडाला ती पुन्हा हलवता येत नाहीत. जुनी पानं ठणठणीत आणि पालवी आजारी, असं दिसलं की या दोघांपैकी कुणाचं तरी काहीतरी अडलं आहे. डब्यातल्या रोपांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. लोहाचीच खूण.

ही ओळख माणसाला आयती मिळालेली नाही. १६९९ मध्ये जॉन वुडवर्ड या इंग्रज माणसानं पावसाच्या पाण्यात, थेम्सच्या पाण्यात आणि माती कालवलेल्या पाण्यात पुदिना वाढवून बघितला. पाणी जितकं गढूळ, तितकी वाढ जास्त दिसली. पाण्यातलं नेमकं काय झाडाला लागतं, हे उलगडायला पुढं दीडशेहून जास्त वर्षं गेली. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मातीचा कण नसलेल्या पाण्यात, केवळ क्षार विरघळवून, झाडं वाढवून दाखवली. मग एकेक क्षार वगळून बघायचं. कुणाला लोह द्यायचं नाही, कुणाला मॅग्नेशियम. झाड कसं आजारी पडतं ते टिपून ठेवायचं. अमेरिकेत बर्कले इथं डेनिस होगलंड आणि डॅनियल अर्नन यांनी १९३८ मध्ये ज्या द्रावणाची कृती छापली, तिचाच वारसा आज माझ्या खोलीतल्या खताच्या 'ए' आणि 'बी' बाटल्यांत आहे. १९३९ मध्ये अर्नन आणि पेरी स्टाउट यांनी कसोटी घातली: एखादं मूलद्रव्य आवश्यक म्हणायचं, तर त्याच्यावाचून झाडाचं जीवनचक्र पुरं होता कामा नये, आणि त्याची उणीव त्याच्याशिवाय दुसऱ्या कशानं भरून निघता कामा नये. म्हणजे पाण्यावरची शेती भाजीसाठी वापरात आली त्याच्या कितीतरी आधी ती झाडांना मुद्दाम आजारी पाडायला वापरली गेली. पिवळं पान हातात घेतलं की मला त्या प्रयोगशाळांतली उपाशी ठेवलेली टोमॅटोची रोपं आठवतात, आणि त्यांच्याबद्दल खरोखर कृतज्ञता वाटते.

पण त्या कसोटीतून एक सोपा गैरसमजही निघतो: उणीव दिसली, की ती वस्तू घाला. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, तेव्हा कुणीही सांगतं, कॅल्शियम कमी आहे. पानात ते कमी असतंच. पाण्यात मात्र भरपूर असतं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी चढतं ते पानातून बाष्प उडतं म्हणून. गड्ड्याच्या आतल्या मिटलेल्या पानांना वारा लागत नाही, बाष्प उडत नाही, कॅल्शियम पोचत नाही. मी मांडणीच्या बाजूला एक छोटा पंखा बसवला आणि नव्या पानांच्या कडा करपायच्या थांबल्या. बाटलीतला एक थेंबही जास्तीचा लागला नाही.

लोहाची ओळख मला पुस्तकातून झाली नाही. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातलं. एका बाजूच्या चुनखडीच्या रानात ऊस लहान असताना केवडा यायचा. शेंड्याची पानं शिरांच्या मधून फिकी होत होत पांढुरकी पडायची, आणि हिरव्यागार फडात तेवढाच पट्टा लांबून उठून दिसायचा. मी तात्यांना विचारलं होतं, आपल्या रानात लोह नाही का? बांधावर बसून तंबाखू मळत तात्या म्हणाले, "हाय की. रानात लोह हाय पोरी, पर उसाला घावत न्हाई." मग ते हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणायचे, पण नुसतं टाकायचे नाहीत. शेणखतात मुरवायचे आणि मग सरीतून द्यायचे. चुन्यानं जमिनीचा सामू (पीएच) वाढतो आणि लोह न विरघळणाऱ्या रूपात जाऊन बसतं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं त्याला धरून ठेवतात, मुळापर्यंत सोबत करतात. माझ्या बाटलीत हेच काम ईडीटीए नावाचं रसायन करतं. फक्त पाण्याचा सामू साडेसहाच्या वर गेला, की ईडीटीएची पकड सुटायला लागते, आणि पाण्यात चुना भरपूर असेल तर लोहाची जागा कॅल्शियम घेतं. लोह टाकीतच राहतं, झाडाला घावत नाही.

मी वर काकांकडं जायचं ठरवलं, ते हे सगळं मनात जुळून आल्यावर. काकांनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तू रोपांबद्दल आली असशील. मावशी म्हणाल्या मला." ते खरोखर खट्टू झाले होते. काकू गेल्यानंतर त्यांनी ही टाकी घेतली होती, हे मला माहीत होतं. "अगं, बाटलीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट खत घातलं, तरी दिवसेंदिवस पिवळीच," ते म्हणाले. दुसऱ्या टाकीत पुदिना अजून होता. त्याचेही शेंडे पिवळे. झाकण उचललं, तर मुळं इथंही पांढरी, आणि टाकीच्या कडेला पाण्याच्या रेषेवर बोटभर रुंदीचा पांढरा थर. मीटर बुडवले. सामू ७.९, आणि ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी पाण्याची विद्युतवाहकता, ३.४. पुदिन्याला साडेपाच ते साडेसहा सामू मानवतो, आणि ईसी इतका लागतच नाही. पानाचं टोक करपलेलं होतं, तेही मग कळलं.

तो पांढरा थर मी नखानं खरवडला, आणि मला कृष्णाकाठ आठवला. धरणाचं, नदीतून उपसलेलं लिफ्टचं पाणी आलं तसं आमच्याकडं उसाला ते पाटानं बारमाही सोडलं गेलं. खाली निचरा नाही. पाणी वर चढून उडून गेलं आणि क्षार मागं राहिले. उन्हाळ्यात त्या रानांवर मीठ फुटायचं, अनवाणी चाललं की तळव्यांना करकर लागायचं. तात्यांच्या नदीकडच्या रानात लव्हाळ्याशिवाय काही येईना. त्यांनी खतं वाढवून बघितली, बियाणं बदलून बघितलं. शेवटी शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून जमिनीत छिद्रांचे पाइप गाडून निचरा काढला, आणि मग पावसापावसानं क्षार वाहून गेले. ऊस परत उभा राहायला वर्षं लागली. त्या रानाला काही घालायचं नव्हतंच, त्यातून काढायचं होतं. काकांच्या वीस लिटरच्या टाकीतही तेच घडत होतं: झाड पाणी पिऊन टाकत होतं, क्षार मागं उरत होते, आणि भर म्हणून वरून पुन्हा टँकरचं खारट पाणी आणि दुप्पट खत.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी पुरत नाही आणि बोअरचे टँकर येतात. नळाला धरणाचं पाणी येतं तेव्हा माझा ईसी मीटर ०.२ च्या आसपास थांबतो. टँकरचं पाणी आलं की खत घालायच्या आधीच १ च्या पुढं जातो. त्यात बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळं सामू कितीही खाली आणला तरी दुसऱ्या दिवशी वर चढतो. लिंबू पिळा म्हणून सल्ला सगळीकडं मिळतो, पण लिंबाचं आम्ल पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात आणि सामू पुन्हा जिथल्या तिथं. फॉस्फोरिक आम्लाचे मोजके थेंब, हातमोजे घालून, हाच टिकाऊ उपाय. काकांना मी म्हटलं, आधी टाकी रिकामी करू. "आणि मग काय घालायचं?" "निम्मं खत. आणि पाणी अर्धं आरओचं, अर्धं टँकरचं." टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतंच, आरओच्या पाण्यात ते जवळजवळ नसतं, दोन्ही मिसळली की वेगळी बाटली घ्यावी लागत नाही. काकांना ते पटलं. मला स्वतःला मात्र त्यातला आरओ अजून सलतो. जेवढं शुद्ध पाणी निघतं त्याहून जास्त मोरीत जातं, आणि ज्या शहरात पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते तिथं पुदिन्यासाठी हे करावं का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. वाया जाणारं पाणी मी बादलीत धरून फरशी पुसायला वापरते. त्यानं प्रश्न थोडा हलका होतो, सुटत नाही.

मावा आणि कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड) या खोल्यांत येतातच, कारण इथं त्यांना खाणारं कुणी नसतं. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून बघायची; ठिपके चालायला लागले तर कोळी आहे असं समजायचं, पानांच्या मागून पाण्याची धार द्यायची आणि मग निंबोळी तेल फवारायचं. दिवे बंद असताना फवारायचं, नाहीतर पानं करपतात. त्याचं मला फारसं टेन्शन येत नाही. कीड निदान दिसते तरी.

पुढचे काही दिवस काकांचा रोज संध्याकाळी फोन येई. "अगं, ती पानं अजून पिवळीच आहेत." मी सांगे, ती सोडून द्या, शेंड्यातलं सगळ्यात नवं पान बघा. एक दिवस फोनऐवजी काका स्वतःच आले, मोबाइलवर फोटो घेऊन. पिवळ्या पानांच्या वर दोन कोवळी पानं, पुरती हिरवी. त्यातल्याच एका काडीची फूट मी मावशींना दिली. त्यांनी ती तेलाच्या डब्यात माती भरून लावली आहे, खाली पार्किंगच्या कठड्यावर, आणि त्याच टँकरच्या पाण्यावर ती कसलीही तक्रार न करता वाढते आहे. मूठभर मातीत आणि शेणखतात किती काही जिरतं, हे बघून मला आनंद होतो आणि थोडं हरल्यासारखंही वाटतं. माझ्या टाकीत माझ्याशिवाय झाडाला सांभाळून घेणारं कुणी नाही.

काका आणि मी आता एका कामाला लागलो आहोत. टँकरचं पाणी सोसायटीत आजवर कुणी तपासलेलं नाही. पिण्यापुरता घरोघर आरओ आहे, त्यामुळं बाकीचं पाणी कसं आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही; गिझरची कॉइल गेली की आपण प्लंबरला बोलावतो, शॉवरची जाळी चोंदली की ती बदलतो. येणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराच्या पाण्याचा नमुना महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत द्यावा, त्यात एकूण क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जिवाणू बघावेत, आणि अहवाल फलकावर लावावा, असा अर्ज आम्ही दोघांनी सह्या करून सचिवांकडं दिला आहे. येत्या रविवारच्या सभेत तो विषय आहे. काका पुदिन्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो छापून आणणार आहेत, मी दोन्ही मीटर आणि दोन ग्लास पाणी घेऊन जाणार आहे.